हस्तकला आणि वर्गातला अभ्यास : एक प्रस्तावना

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो, कार्यानुभवाचाही असतो. परीक्षा जवळ आली की पहिली गदा येते ती याच दोन तासांवर. गणिताचा एखादा धडा राहिलेला असतो, तो तिथे उरकला जातो. यात एकट्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. हातांनी करायच्या गोष्टी अभ्यासाबाहेरच्या, ही समजूत पालकांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या मनात पक्की बसलेली आहे. ज्या क्षेत्राची ओळख इथे करून द्यायची आहे, ते याच समजुतीला आव्हान देते. कागद, माती, सूत, काड्या, रंग यांच्या मदतीने गणित, भूगोल, विज्ञान शिकवता येते. इतकेच नव्हे, तर त्यातल्या काही गोष्टी हाताने केल्याशिवाय मुलांना नीट कळतच नाहीत, असे मला वाटते.

एक साधा पाठ घेऊ. पाचवीच्या मुलांना एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांचा गुणाकार शिकवायचा आहे. प्रत्येकाच्या हातात एकेक कोरा कागद द्या. कागद उभा धरून त्याचे दोन समान भाग घडीने करायचे आणि एका भागावर पिवळ्या खडूने रेघा मारायच्या. मग तोच कागद आडवा धरून तीन समान भाग करायचे. इथे वर्गात गडबड सुरू होते, कारण दोन भाग कुणालाही जमतात, तीन भाग जमत नाहीत. पट्टी न वापरता कागद नागमोडी धरून, दोन्ही कडा मागेपुढे सरकवत, तिन्ही पदर सारखे झाले का ते पाहावे लागते. काही मुले दोनदा अर्धे करतात आणि कागद उघडल्यावर चार भाग पाहून थबकतात. तीन भाग जमले की त्यातल्या एकावर लाल रेघा. पिवळा आणि लाल जिथे एकावर एक येतात तो चौकोन मोजायचा: सहा घरांतले एक घर. अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणायचे, हा नियम फळ्यावर लिहिण्याआधीच उत्तर मुलांच्या बाकावर पडलेले असते. एकाहून लहान अशा दोन अपूर्णांकांचा गुणाकार दोघांहूनही लहान का येतो, हा नेहमी छळणारा प्रश्नही त्याच कागदावर सुटतो.

या पाठात कलाकुसर म्हणावी असे फारसे काही नाही, कागद भिंतीवर लावण्याजोगाही होत नाही. पण हाताचे काम आणि धड्यातला प्रश्न इथे एकच आहे. तीन समान घड्या घालणे हेच तृतीयांश समजणे आहे. या क्षेत्रातल्या चांगल्या कामाची माझी कसोटी हीच: घडवायची वस्तू आणि शिकायची गोष्ट एकमेकांत इतकी मिसळलेली हवी की एक नीट झाल्याशिवाय दुसरी होऊ नये.

या विचाराला मोठा वारसा आहे. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी 1837 मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि 1840 मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. लाकडी गोल, घन, ठोकळे आणि त्यांच्या जोडीला घडीकाम, विणकाम, मातकाम अशी कामांची एक क्रमवार योजना त्यांनी आखली. आजच्या बालवाडीतल्या अर्ध्याअधिक गोष्टींचे मूळ तिथे सापडते. फिनलंडने 1866 मध्ये ग्रामीण शाळांच्या अभ्यासक्रमात हस्तव्यवसायाला जागा दिली. फ्रोबेलच्या घडीकामाचा धागा भारतात कुठवर आला, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. मद्रासमध्ये 1893 साली टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. फ्रोबेलच्या किंडरगार्टनमधल्या घडीकामावरूनच त्यांना ही कल्पना सुचली होती. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्या पुस्तकाची दखल घेतली आणि पुढे ते अमेरिकेतही छापले गेले. या पद्धतीत कंपास नाही, कोनमापक नाही, फक्त चौरस कागद. कागदाच्या मधोमध एक उभी घडी घाला आणि उलगडा. आता खालचा उजवा कोपरा उचलून त्या मधल्या रेषेवर टेकवा, पण नवी घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातून गेली पाहिजे. खालचे दोन कोपरे आणि उजवा कोपरा जिथे टेकला तो बिंदू, या तिघांचा समभुज त्रिकोण होतो. साठ अंशांचा कोन मिळाला, आणि नवी घडी त्याचे दोन समान भाग करते म्हणून तीस अंशांचाही मिळाला. हे असे का होते, हे सातवी-आठवीची मुले स्वतः सांगू शकतात. कोपरा उचलताना कागदाची कड ताणली गेली नाही, म्हणून लांबी तीच राहिली, एवढे त्यांना दिसले की सिद्धता पुरी होते.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा वर्ध्याशिवाय होऊच शकत नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना गांधीजींनी तिथे मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. त्यातली वेळेची विभागणी आज वाचली तरी दचकायला होते: साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे शिक्षणाचा पाया मानलेल्या हस्तोद्योगाला. ही योजना ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली, आणि त्या उद्योगाशी इतर विषय जोडण्याला तिच्या मंडळींनी ‘समवाय’ म्हटले. नई तालीमचे कार्यकर्ते आर्यनायकम आणि आशादेवी यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात हे वर्षानुवर्षे करून पाहिले.

समवाय म्हणजे नेमके काय, हे तकलीवरून कळते. चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. मूल रोज कातते आणि रोज मोजते. अर्ध्या तासात चाळीस तार निघाले तर लटी पुरी व्हायला किती वेळ लागेल? गुंडीत एकूण किती फूट सूत? पुढच्या इयत्तेत सुताचा अंक येतो. एका पौंडात वीस गुंड्या बसल्या तर ते वीस अंकी सूत. म्हणजे सूत जितके बारीक तितका अंक मोठा. व्यस्त प्रमाण पुस्तकातून शिकवताना किती दमछाक होते, ते प्रत्येक गणित शिक्षक जाणतो. सूत कातणाऱ्या मुलाच्या बोटांनाच ते कळलेले असते. कापूस कुठल्या जमिनीत येतो, पेळू दमट हवेत का बिघडतो, तकलीला खाली चकती कशाला, असे प्रश्न विचारत भूगोल आणि विज्ञानातही शिरता येते.

मग ही योजना मागे का पडली? कारणे अनेक आहेत. माझ्या मते सर्वांत घातक ठरली ती मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा. तिच्यावर टीका खुद्द वर्ध्याच्या परिषदेतच झाली होती. उत्पादन हे माप झाले की चुकायला वाव उरत नाही, आणि चुकायला वाव नसेल तर शिकायलाही उरत नाही. दुसरे कारण साधे आहे. अनेक शाळांत सगळे उद्योग बाजूला पडून फक्त कताई उरली, आणि तिच्यातला समवाय हरवला. पुढे कोठारी आयोगाने (1964-66) ‘कार्यानुभव’ हा विषय सुचवला, पण शाळाशाळांत तो बहुधा सुटा विषयच राहिला. सेवाग्रामात 1944 ते 1962 कला शिकवणाऱ्या देवी प्रसाद यांनी कलेला शिक्षणाचा पाया मानून जे लिहिले आहे, ते या साऱ्या पडझडीनंतरही टिकून आहे. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने ते जरूर मिळवून वाचावे.

दुसरा मोठा प्रयोग आपल्या किनाऱ्यालगतचा. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले आणि 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे दोघींनी हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीची सुबक लाकडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. म्हणून या दोघींनी बिया, शिंपले, खडे, पाने, माती यांतून साधने उभी केली. मोजायला चिंचोके, प्रत लावायला शिंपले, आकारांसाठी पाने. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली. साहित्य महाग असेल तरच शिक्षण चांगले, हा समज कोसबाडने कायमचा मोडून काढला.

कोसबाडच्या आसपासची पुष्कळ मुले वारली समाजातली, म्हणून एक गोष्ट इथेच बोलून घेतो. वारली चित्रातली माणसे दोन त्रिकोणांची, टोकाला टोक लावलेली. कुठल्या त्रिकोणाला किती कलवले की माणूस नाचतो, किती कलवले की ओझे उचलतो, हे पाहणे हा तोल आणि कोनांचा उत्तम पाठ आहे. पण आज शहरी शाळांत वारली म्हणजे तपकिरी कागदाच्या कडेला काढायची नक्षी एवढेच उरले आहे. लग्नात सवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायचा चौक, त्यातली पालघट देवी, यांचा साधा उल्लेखही होत नाही. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांनी हे चित्र काढताना ते कुणाचे, कुठे आणि कशासाठी काढले जाते हे शिकलेच पाहिजे. तो समाजशास्त्राचा धडा आहे आणि तो गाळणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणे होय.

तिसरा प्रवाह विज्ञानाचा. मध्य प्रदेशात 1972 साली सोळा उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. पुण्यात ट्रकच्या कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन तिथे गेले. आठवडी बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी जे घडवले, ते आज देशभरच्या वर्गांत पोचले आहे. दीड-दोन सेंटिमीटरचा नळीचा तुकडा घ्यायचा आणि दोन्ही टोकांत एकेक काडी खोचायची, की झाला वळणारा सांधा. तीन सांध्यांचा त्रिकोण, चारांचा चौकोन, पाचांचा पंचकोन. आता प्रत्येक आकृती बोटांनी दाबून पाहायची. चौकोन लगेच कलतो आणि समभुज चौकोन होतो, पंचकोन वेडावाकडा होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. कौलारू घराची कैची, रेल्वेचा पूल, विजेचा मनोरा यांत त्रिकोणच का, याचे उत्तर मुले खिडकीबाहेर शोधू लागतात. गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत राहिले आणि टाकाऊ वस्तूंच्या शेकडो खेळण्यांच्या कृती त्यांनी सर्वांसाठी खुल्या केल्या.

इथे एका मोहापासून सावध करतो. कला शिकली की गुण वाढतात, मेंदूचा उजवा भाग जागा होतो, असली विधाने पालकसभांत सर्रास ऐकू येतात. कलाप्रेमींना ती सोयीची वाटतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरो या संशोधन गटातल्या एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी 1950 नंतरच्या अशा अभ्यासांची पद्धतशीर छाननी करून 2000 मध्ये निष्कर्ष मांडले. वर्गातल्या नाट्यीकरणाने भाषिक क्षमता वाढते, याला चांगला पुरावा मिळाला. दृश्यकला शिकल्याने इतर विषयांतले गुण वाढतात, याला तसा पुरावा मिळाला नाही. कलाशिक्षणाच्या जगात या निष्कर्षांवर बरीच नाराजी उमटली. पण त्याच संशोधकांनी पुढे कलावर्गांत बसून मुले तिथे खरोखर काय शिकतात याचे निरीक्षण केले आणि 2007 मध्ये ‘स्टुडिओ थिंकिंग’ हे पुस्तक सहकाऱ्यांसह लिहिले. बारकाईने पाहणे, जे समोर नाही ते मनात उभे करणे, चिकाटीने टिकून राहणे, स्वतःच्या कामाचा विचार करणे, चुकण्याची जोखीम घेऊन नवे करून पाहणे, अशा सवयी त्यांना तिथे दिसल्या. या सवयींचे मोल गुणपत्रिकेवर अवलंबून नाही. आणि घडीच्या कागदावरचा अपूर्णांक ही तर आणखी वेगळी गोष्ट. तिथे एका विषयाचा फायदा दुसऱ्याला होण्याची वाटच पाहायची नाही, कारण मूल थेट अपूर्णांकच हाताळत असते.

आपल्या घरादारांत असे साहित्य किती पडलेले आहे, याची आपल्याला जाणीव नसते. ठिपक्यांच्या रांगोळीचे पाहा. एक, तीन, पाच, सात आणि पुन्हा पाच, तीन, एक असे ठिपके मांडले की पंचवीस होतात. वरच्या चार ओळींचे सोळा, खालच्या तीन ओळींचे नऊ. विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्या का होते, हे ठिपके तिरके पाहिले की दिसते. किंवा बुरुडाला वर्गात बोलवा. टोपली एकाच पट्टीने, एक आत एक बाहेर अशी विणायची असेल, तर उभ्या कामट्या विषम घ्याव्या लागतात. सम घेतल्या तर दुसऱ्या फेरीत पट्टी पुन्हा त्याच कामट्यांच्या पुढून जाते आणि वीण बसत नाही. मुलांनी पुठ्ठ्याच्या चकतीला आठ आणि नऊ चिरा पाडून दोन्ही विणून पाहिल्या, की सम-विषम हा शब्द पाठ करायची गरज राहत नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवण्याची सूचना आहे. ते दिवस सहलीसारखे निघून जाऊ नयेत असे वाटत असेल, तर शिक्षकाने आधी कारागिराकडे जाऊन त्याच्या कामातला असा एखादा प्रश्न शोधून ठेवायला हवा.

मला सर्वांत जवळचे उदाहरण दिवाळीच्या किल्ल्याचे. मराठी मुले पिढ्यान् पिढ्या अंगणात दगडमातीचे किल्ले करतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात. हाच किल्ला सुट्टी संपल्यावर वर्गात आणायचा. चिकणमातीचा लहानसा डोंगर पसरट घमेल्यात करायचा आणि थोडा सुकू द्यायचा. राजगड करायला सांगा, कारण त्याला मधोमध बालेकिल्ला आहे आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना पसरल्या आहेत. घमेल्यात पट्टी उभी करून दोन सेंटिमीटर पाणी ओतायचे. पाणी मातीला जिथे टेकते तिथे काडीने सभोवार रेघ ओढायची. मग चार सेंटिमीटरवर, सहावर, आठवर. पाणी हळूच काढून टाकायचे आणि बरोबर वरून पाहत रेघा कागदावर उतरवायच्या. समोच्च रेषांचा नकाशा तयार झाला. कड्याच्या बाजूला रेघा एकमेकींना चिकटलेल्या आणि माचीवर लांब लांब, हे मुले आपणहून बोलून दाखवतात. एखाद्या गटाच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात. तो गट चुकला असे सांगू नका. एकाच जागेची उंची दोन कशी, एवढेच विचारा. मुले पुन्हा घमेल्याकडे जातात. तयार नकाशा पुढे ठेवून हा प्रश्न विचारला असता तर कुणी जागचे हलले नसते.

या कामात वेळ जातो, पसारा होतो आणि शेजारच्या वर्गातून तक्रार येते. यावर तोड एकच: कमी पाठ निवडावेत, पण निवडलेले पुरते करावेत. सत्रातून प्रत्येक विषयाचे दोन पाठ असे झाले तरी मी समाधानी असेन. साहित्याचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे. रद्दी, पुठ्ठा, मैद्याची खळ, काड्या, माती एवढ्यावर वर्षभर चालते.

दोन गोष्टींना मात्र माझा ठाम विरोध आहे. पहिली, आधीच कापून ठेवलेले आकार मुलांना चिकटवायला देणे. चाळीस मुलांची चाळीस एकसारखी फुलपाखरे फलकावर लागली, तर तिथे शिकण्याचा भाग शिक्षकाने स्वतःच करून टाकलेला असतो. दुसरी, दुकानातून विकत आणलेले किंवा पालकांनी रात्री जागून केलेले प्रकल्प. त्यांना गुण देणे म्हणजे मुलाला त्याच्या हातचे काम कमी दर्जाचे आहे असे शाळेनेच सांगणे. ओबडधोबड, खळ लागलेले, एका बाजूला कललेले पण मुलाने स्वतः केलेले काम भिंतीवर लागले पाहिजे, आणि त्याशेजारी त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत. डावखुऱ्या मुलासाठी डावखुरी कात्री वर्गात हवी. कात्री, करवत, हातोडी मुलींच्याही हातात पडली पाहिजे आणि सुई-दोरा मुलग्यांच्याही.

या विषयावर मराठीत लिहिले गेले आहे, पण वर्गात प्रत्यक्ष काय घडले याच्या नोंदी फार थोड्या आहेत. संशोधकाला हे सहजी मिळत नाही, कारण ते शिक्षकाच्या डोळ्यांसमोर घडते आणि तास संपला की पुसले जाते. म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आणि शिक्षिकेला माझी विनंती आहे. पुढच्या महिन्यात आपल्या वर्गासाठी एक पाठ निवडा, तो हाताने करवून घ्या, आणि त्या संध्याकाळी एक पानभर लिहून ठेवा: कुणी काय केले, कुठे अडले, काय विचारले, काय बिघडले. आणि ते पान आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत सहकाऱ्यांना वाचून दाखवा.